फोरमनला काय बांधावं

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. थोडक्यात आणि मुद्देसूद. या घरात विचार करणारं माणूस एकच आहे, त्याच्या विचारांची कुठेतरी नोंद हवी.

मुद्दा पहिला. बाबांचा कारखाना बंद पडला. बाबा तिथे गेटवर होते. शेवटच्या दिवशी बाकीच्यांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या, एकाने तर घंटा नेली. बाबा कुत्रा घेऊन आले. त्याचं नाव फोरमन. दिवसभर स्वतः काही न करता दुसऱ्यांच्या कामाकडे बघत बसायचा, म्हणून कामगारांनी ठेवलेलं. कामगारांची विनोदबुद्धी.

मुद्दा दुसरा. काल हा प्राणी एकटाच जिना उतरून तळमजल्यावरच्या नर्सबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. नर्सबाई रिटायर झाल्या, आवाज अजून ड्यूटीवर आहे. त्यांनी सेक्रेटरींकडे तक्रार केली. सेक्रेटरी म्हणजे जिन्यातले बल्ब बदलून घेणारा माणूस, पण ‘कमिटी’ हा शब्द असा उच्चारतो की ऐकणाऱ्याने उभं राहावं. तो वर येऊन सांगून गेला की जिन्यात आणि पॅसेजमध्ये मोकळा कुत्रा चालणार नाही. रविवारच्या मीटिंगला कुत्रा नीट बांधलेला दिसला तर ठीक, नाहीतर कुत्रा इमारतीच्या बाहेर.

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

आमच्याकडे हे असंच आहे. औषधाची पट्टी, विजेचं बिल, जे जे छापील ते माझ्या हातात येतं, कारण शाळेच्या पुढे गेलेली घरातली मी पहिली. मी सूचना वाचून होय म्हणेपर्यंत मिक्सर आठवडाभर खोक्यात होता. ही जबाबदारी मी मागितलेली नाही. पेलते.

दादा लगेच उठला. कोपऱ्यावरून पट्टा घेऊन येतो म्हणाला. मी दारात अडवलं. कोणता पट्टा? गळ्यातला की छातीवरचा? कॉलर की हार्नेस? तो म्हणाला, कुत्र्याचा. दादा डिलिव्हरीची व्हॅन चालवतो, जास्त अपेक्षा नाही.

निर्णय उद्या संध्याकाळपर्यंत. तोवर फोरमनला चुकीचं काही बांधायचं नाही आणि न बांधता खाली न्यायचं नाही, असं मी जाहीर केलं. सगळे हो म्हणाले.

५ नोव्हेंबर, मंगळवार. लंच टाइम

कॉलर: ओढ बसली की श्वासनलिकेवर दाब. मानेच्या मणक्यांवर दाब. एका ठिकाणी तर डोळ्यांवरही दाब म्हटलंय. वाचता वाचता मला स्वतःला घास गिळेना. हार्नेस: दाब छातीभर विभागला जातो. उत्तम. हार्नेस. विषय संपला.

संध्याकाळी

विषय संपलेला नाही. दुसरे एक डॉक्टर म्हणतात, हार्नेस घातला की कुत्रा जास्त ओढायला शिकतो, काखेत घासून जखमा होतात, खांद्याची चाल बिघडते. दोघेही डॉक्टर. दोघांचेही फोटो सारखेच गंभीर.

ऑफिसात समोरच्या टेबलावरच्या बाईंकडे कुत्रा आहे, म्हणून त्यांना विचारलं. म्हणजे कुत्रा आहे असं त्या म्हणतात. फोटोत केसांचा गुंता दिसतो, त्याची पुढची बाजू कोणती ते त्यांनाच माहीत. त्या म्हणाल्या, मी आपला पोपटी घेतला गं, स्वेटरला मॅच होतो. विचारलं, गळ्यातला की छातीतला? तर म्हणतात, पोपटी.

अशा लोकांच्या हातात जिवंत प्राणी असतात.

अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं हा निष्काळजीपणा. मुदत उद्यापर्यंत वाढवली.

६ नोव्हेंबर, बुधवार

फोरमनची सोय बाल्कनीत केली आहे. जुने पेपर अंथरले. ही अंतरिम व्यवस्था आहे हे मी घरात स्पष्ट केलं. फोरमनला ते समजलं नाही. तो पेपर ओलांडून कोपऱ्यातल्या पन्हाळीपाशी गेला. पन्हाळीखाली नर्सबाईंची दोरी. दोरीवर नर्सबाईंची चादर.

नर्सबाई चादर घेऊन वर आल्या. मला म्हणाल्या, हे काय आहे ते वास घेऊन सांग, तू शिकलेली आहेस. मी शांतपणे म्हटलं, अंतरिम व्यवस्था. त्या म्हणाल्या, आमच्या वॉर्डात अंतरिम व्यवस्थेला आम्ही भांडं लावायचो.

अशिक्षितपणा परवडला, अर्धवट शिक्षण नको. आईने माफी मागितली आणि त्यांची चादर धुवायला घेतली. माफीची गरज नव्हती. याने वाटाघाटीत आपली बाजू कमकुवत होते.

बाबा अजून कारखान्याच्या वेळेला उठतात. दाढी करतात, बूट घालतात, आणि बंद दाराकडे तोंड करून खुर्चीत बसतात. शेजारी फोरमन, त्याचंही तोंड दाराकडे. ऑफिसला निघताना मला दोघांच्या मधून वाट काढावी लागते. आज म्हटलं, बाबा, जरा फिरून या. म्हणाले, याला घेतल्याशिवाय कसा जाऊ? ठरलं का तुझं?

प्रक्रिया चालू आहे, म्हटलं.

ही माणसं रिकामी बसली की त्यांना दुसऱ्याचा वेळ कळत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

तक्ता केला. डाव्या बाजूला निकष: श्वास, मणका, खांदा, काख, केस, निसटण्याची शक्यता, धुण्याची सोय, स्वाभिमान. प्रत्येक निकषाला वजन. बेरीज केली तर दोघांना समान गुण. स्वाभिमानाचं वजन वाढवलं तर कॉलर जिंकते, काखेचं वाढवलं तर हार्नेस. काख की स्वाभिमान यावर जेवताना चर्चा ठेवली.

दादा म्हणाला, कुत्र्याचं लग्न जमवतेस का? एवढं तर माणसांच्या लग्नातही कोणी बघत नाही. आई म्हणाली, अगं, दोन्ही आणून टाक. मी तिला समजावलं की दोन्ही आणणं म्हणजे न ठरवणं. ती म्हणाली, मग न ठरवता आण.

याच चर्चेत उघडकीला आलं की मी अंघोळीला गेले की आई फोरमनला खाली फिरवून आणते. पडद्याच्या दोरीने! गळ्यात गाठ मारून! तीन दिवस! मी विचारलं, त्याने ओढलं असतं म्हणजे? श्वासनलिका? तर म्हणे, तो कशाला ओढतोय, माझ्यासारखाच चालतो, प्रत्येक पायरीला गुडघ्याला विचारून.

दोरी जप्त केली. पडदा आता अर्धाच सरकतो.

मी जगात सगळ्यांशी लढू शकते. घरभेद्यांशी कसं लढणार?

८ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसमध्ये किरकोळ प्रकार. आमच्या छापखान्यात औषधांची खोकी छापतात आणि खोक्यावरचं अक्षर न् अक्षर मूळ मजकुराशी ताडून बघणं हे माझं काम. स्वल्पविराम सुटला तरी मशीन थांबवणारी म्हणून माझी ख्याती आहे. आज साहेबांनी बोलावून एक खोकं दाखवलं. ‘लहान मुलांपासून दूर ठेवा’ हे वाक्य दोनदा छापलं गेलं होतं, खाली माझी सही. मी म्हटलं, दुप्पट सुरक्षा. साहेब हसले नाहीत. ज्यांना फक्त खोकी दिसतात त्यांना मनावरचा ताण कसा दिसणार?

संध्याकाळी

निर्णय झाला. हार्नेस! घरच्यांना रांगेत बसवून कारणं सांगितली. कोणीही विरोध केला नाही. दादा तर डोळे मिटून ऐकत होता.

मग मापं. बाबांनी फोरमनला धरलं, आईने टेप दिली. आई घरी शाळांचे गणवेश शिवते, तिची टेप माझ्या जन्माच्या आधीची आहे आणि पहिला इंच झिजून गेलाय. हे मी लक्षात घेतलं. आई घेणार नाही. तिचं सगळं शिवणशास्त्र दोन शब्दांत मावतं: वाढत्या अंगाचं. माझा पहिलीचा गणवेश मी चौथीपर्यंत घातला. पहिलीत बाह्यांतून हात दिसायचे नाहीत, बाईंना वाटायचं मी हात वर करतच नाही. बूट वाढत्या पायाचे, पुढे कापूस. चष्मासुद्धा वाढत्या चेहऱ्याचा. मी तेव्हाच ठरवलं होतं की मोठी झाले की आयुष्यात एकही गोष्ट मापाबाहेरची घ्यायची नाही.

फोरमनची छाती मीडियममध्ये बसते. बरोब्बर मध्यावर.

इथेच सामान्य माणूस फसला असता. झिजलेला इंच धरा. कारखान्यात त्याला कामगारांच्या डब्यातलं उरलंसुरलं मिळायचं, आता नियमित जेवण, म्हणजे वजन वाढणार. थंडीत केस दाट होतात. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, आणि बोटं कोणाची हे कुठेच दिलेलं नाही, म्हणून दादाची धरली. सगळं मिळवून लार्ज.

आई एकदम खूश झाली. म्हणाली, हं, वाढत्या अंगाचं! मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की याला शास्त्रीय मार्जिन म्हणतात. बाबा हळूच म्हणाले, मी बघतोय तेव्हापासून तो एवढाच आहे. दादा म्हणाला, अगं म्हातारा झालाय तो, आता फक्त वरती जायचा, आडवा नाही.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असंही आई जाताजाता पुटपुटली. रोख दादाकडे असावा.

ऑर्डर दिली. उद्या येईल. मीटिंग परवा. वेळेचं नियोजन अचूक.

९ नोव्हेंबर, शनिवार

हार्नेस आला. गडद निळा, चार बकलं, पाठीवर एक कडी आणि छातीवर एक. सूचनांचं पत्रक आधी वाचायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत चूक. ‘पुढचा पाय’ असं हवं तिथे ‘पुढचा पाव’. कंपनीला सविस्तर मेल लिहिली, पूर्ण दुपार त्यात गेली. लोक असली पत्रकं न वाचता फेकतात म्हणून कंपन्यांचं फावतं.

मग हार्नेस घातला. पहिल्यांदा उलटा गेला. दुसऱ्यांदा फोरमनचे दोन्ही पुढचे पाय एकाच भोकात. तो शहाण्यासारखा उभा होता, फक्त बाबांकडे बघत होता. शेवटी बसला. थोडा ऐसपैस बसला आहे. पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले तरी आत माझा अख्खा हात जातो. हवा खेळती राहते, हे मीडियमला शक्य नव्हतं.

आई म्हणाली, दोन टाके मारून आत घेऊ का, पाच मिनिटांचं काम. म्हणजे वॉरंटी गेली. बाबा म्हणाले, उद्यापुरती गळ्यातही काहीतरी दोरी असू दे. म्हणजे माझ्या पाच दिवसांच्या अभ्यासावर पाणी. दोघांनाही नकार दिला.

बाबा म्हणाले, निदान एकदा खाली नेऊन बघूया? मी म्हटलं, नको, मीटिंगच्या आदल्या दिवशी त्याला दमवायचं नाही.

बाबा फोरमनशेजारी जमिनीवर बसले. बराच वेळ पट्ट्याखाली हात घालून त्याची छाती चोळत होते. त्यांचा हातही आरामात जात होता. मी त्यांना तसं दाखवूनही दिलं.

१० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९

उत्साह. बोलायचे मुद्दे तयार: (१) दाबाचं विभाजन (२) प्रगत देशांतला कल (३) सेक्रेटरींच्या अज्ञानाकडे सभ्य इशारा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय. जणू त्यांनाच बांधलेलं बघायला येणार आहेत. त्यांना म्हटलं, काळजी करू नका, बोलणार मी आहे.

दुपारी

तटस्थपणे लिहिते.

मीटिंग अंगणात. घडीच्या खुर्च्या. सेक्रेटरी मध्ये, बाकीचे पाण्याच्या टाकीवर बोलून आधीच कंटाळलेले. मी फोरमनला घेऊन पुढे गेले. सेक्रेटरी म्हणाले, हं, बांधलाय, ठीक आहे, पुढचा विषय. विषय तिथेच संपत होता, असं दादा नंतर ओरडून ओरडून सांगत होता. पण ‘ठीक आहे’ म्हणजे काय? कशामुळे ठीक आहे हे न कळता मिळालेली परवानगी मला नको होती. मी म्हटलं, दोन मिनिटं.

मी दाबाच्या विभाजनापर्यंत आले तेव्हा फोरमनला बसायचं होतं. बसताना तो थोडा मागे सरकला. मी हातातली दोरी, म्हणजे लीश, किंचित पुढे ओढली, छातीवरची कडी दाखवायला. तो आणखी मागे सरकला. आणि मग, दादाच्या भाषेत, कोटातून सावकार निघावा तसा निघाला. डोकं, एक पाय, दुसरा पाय. कसलीही घाई नाही.

मी हे पाहिलं नाही. माझं तोंड लोकांकडे होतं. मी प्रगत देशांतला कल संपवून तिसऱ्या मुद्द्यावर आले होते. लोक हसत होते, मला वाटलं तिसरा मुद्दा लागू पडतोय.

लीशला रिकामा हार्नेस लटकत होता. फोरमन अंगण ओलांडून नर्सबाईंच्या उघड्या दारातून आत गेला आणि त्यांच्या पायपुसण्यावर आडवा झाला.

सेक्रेटरी उभे राहिले. कमिटीसमोर कुत्रा सुटला, म्हणाले, आता यावर चर्चा नाही, आज संध्याकाळपर्यंत बाहेर.

मी आक्षेप नोंदवला. कोणी ऐकला नाही, कारण बाबा बोलायला लागले होते. बाबा कधी मीटिंगमध्ये बोलत नाहीत. सेक्रेटरींना म्हणाले, साहेब, तो बाहेर कुठे जाईल? त्याला कारखान्याचा रस्ता माहीत आहे, तो तिथे जाऊन बंद गेटापाशी बसेल. मी सांगतो ना, तो तिथेच बसेल. एवढं बोलून खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. बाबांनी मुद्द्यांची मांडणी केली नव्हती. तरीही मागच्या खुर्च्या पुढे सरकल्या. भावनेला लोक लगेच भुलतात.

तेवढ्यात नर्सबाई. सेक्रेटरींना म्हणाल्या, तुमचा नियम जिन्याचा आणि पॅसेजचा ना? माझं दार सरळ अंगणात उघडतं. जिना लागत नाही, पॅसेज लागत नाही. राहू दे इथेच. तक्रार करणारी मी एकटी होते, ती मी मागे घेते. सेक्रेटरी म्हणाले, पण कमिटी... नर्सबाई म्हणाल्या, कमिटीतल्या अर्ध्यांना मी इंजेक्शनं दिलीत, कुठे दिलीत ते सांगू का?

ठराव एकमताने मंजूर. माझा हात वर होता, पण तो आक्षेपाचा होता.

या बाईंनी हार्नेसवर आयुष्यात एक ओळ वाचलेली नाही, याची इतिवृत्तात नोंद करा म्हटलं. इतिवृत्त लिहिणारा खुर्च्या आवरत होता.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसला जाताना नर्सबाईंच्या दारात फोरमन पाहिला. गळ्यात लाल कॉलर! चौकशी केली. दादाने आणून दिली, कोपऱ्यावरच्या दुकानातून. माझ्या अपरोक्ष, गळ्याचं माप न घेता, दुकानदाराला दोन हातांनी अंदाज दाखवून.

गुडघ्यावर बसून तपासणी केली. पट्ट्याखाली दोन बोटं जातात. बरोबर दोनच. याला योगायोग म्हणतात.

श्वासनलिकेबद्दल नर्सबाईंना लेखी कळवायचं ठरवलं आहे. मसुदा चालू. ‘आदरणीय’ लिहावं की नुसतं ‘महोदया’?

हार्नेस परत पाठवायची चौकशी केली. वापरलेला चालत नाही म्हणे. मी कळवलं की तो तांत्रिकदृष्ट्या कोणीच वापरलेला नाही. उत्तर नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबा सकाळी दाढी करतात, बूट घालतात आणि खाली जातात. नर्सबाईंच्या दारात त्यांची खुर्ची असते. जेवायला वर येतात, घाईत जेवतात, पुन्हा खाली. दोघं आणि कुत्रा मिळून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतात. कोण किती वाजता आला, कोणाच्या पिशवीत काय, सगळं बाबांना माहीत असतं. गेटवरची सवय. काल त्यांनी सेक्रेटरींना अडवून कुणाकडे जायचंय विचारलं. सेक्रेटरींनी सांगितलंही.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही घरात दिसतच नाही. ते म्हणाले, तुझ्यामुळेच झालं गं हे, तू बोलायला उभी राहिलीस म्हणून.

शेवटी कोणाला तरी कळलं. हे ते मनापासून म्हणाले. दादा मात्र खोकत खोलीबाहेर गेला.

१७ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी

आईनेही हातशिलाई खाली न्यायला सुरुवात केली. उजेड चांगला असतो म्हणे. दादा व्हॅन लावून वर येण्याऐवजी पायरीवर बसतो. मघाशी बाजारातून आले तेव्हा सगळे तिथेच. नर्सबाई कुठल्याशा पेशंटची नक्कल करत होत्या. बाबा हसत होते. बाबांचे मागचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

बाबांनी पायरीवर सरकून जागा केली. बस की, म्हणाले. मी म्हटलं, मला वाचायचंय.

फोरमनने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि मिटला. बाकी सगळ्यांना बघून तो उठतो, शेपटी हलवतो. माझ्यासाठी उठत नाही. ज्याच्यावर पूर्ण भरवसा असतो त्याच्यासाठी उठावं लागत नाही.

घरात कोणी नाही. शांतता. वाचनाला इतकी उत्तम परिस्थिती या घरात कधीच नव्हती. पुस्तक घेऊन बसले आहे.

खालून हसण्याचे आवाज येत आहेत. खिडकी बंद करावी की उघडी ठेवावी? दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत.